ऑस्ट्रेलियात नव्याने आलात? मुलाच्या डेकेअरसाठी सरकारी सबसिडी अशी मिळवा

मेलबर्नला टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक किंवा सिडनीला वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल भागात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिला धक्का बसतो घरभाड्याचा आणि दुसरा डेकेअरच्या फीचा. एका मुलाचे एका दिवसाचे १५० डॉलर, हा आकडा आता इथे नवलाचा राहिलेला नाही. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ७५० डॉलर. मग घरोघरी तीच चर्चा सुरू होते: आईचा अख्खा पगार डेकेअरलाच जाणार असेल तर तिने नोकरी करायची तरी कशाला? त्यापेक्षा पुण्याहून आजीला बोलावून घेऊ.

आजी जरूर यावी, नातवंडांसाठी यावी. पण फीचा हा आकडा बघून नोकरीचा निर्णय घेऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. चांगल्या शिकलेल्या, अनुभवी बायका दोन-दोन वर्षं घरी बसलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ज्या रकमेला घाबरून त्या बसल्या ती पूर्ण रक्कम त्यांना कधीच भरावी लागणार नव्हती. फीचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं. त्या मदतीचं नाव चाइल्ड केअर सबसिडी. सगळे तिला सीसीएस म्हणतात. जुलै २०१८ मध्ये आधीच्या दोन योजना बंद करून ही एकच सुरू झाली. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, सरकार ते थेट सेंटरला देतं. उरलेली रक्कम तुम्ही भरायची, तिला गॅप फी म्हणतात.

फॉर्म भरणं फार अवघड नाही. लोकांचे पैसे जातात ते वेगळ्याच ठिकाणी: सेशनचे (सेंटर एका दिवसाला जेवढ्या वेळाची फी लावतं त्याचे) तास, उत्पन्नाचा अंदाज आणि हजेरीचे नियम. म्हणून या लेखात फॉर्मवर कमी आणि या तीन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

आधी व्हिसा बघा

सीसीएससाठी आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण तरी ऑस्ट्रेलियाचा नागरिक, पर्मनंट रेसिडेंट किंवा न्यूझीलंडच्या नागरिकांना मिळणाऱ्या खास व्हिसावर असावा लागतो. पार्टनर व्हिसाच्या तात्पुरत्या टप्प्यासारखे, म्हणजे ३०९ किंवा ८२० सारखे, काही मोजके टेम्पररी व्हिसाही चालतात. आपल्याकडची बरीच मंडळी आधी येतात ती ४८२ या कामाच्या व्हिसावर, ५०० या स्टुडंट व्हिसावर किंवा शिक्षण झाल्यानंतरच्या ४८५ वर. या तिन्हींवर सर्वसाधारणपणे सीसीएस मिळत नाही. मूल इथे जन्मलं, इथल्या सेंटरला जातं, तुम्ही इथे टॅक्स भरता, या कशानेही त्यात फरक पडत नाही.

मात्र तेवढ्यावर थांबू नका, कारण राज्य सरकारांच्या योजना वेगळ्या आहेत. व्हिक्टोरियात २०२३ पासून ‘फ्री किंडर’ आहे. तीन आणि चार वर्षांच्या मुलांच्या बालवर्गासाठी ही मदत मिळते आणि तिला नागरिकत्वाची अट नाही. स्टुडंट व्हिसावर असलात तरी तुमचं मूल यात बसतं. कौन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) किंवा संस्थेच्या स्वतंत्र किंडरगार्टनमध्ये आठवड्याला १५ तासांपर्यंतचा वर्ग पूर्ण मोफत असतो. मूल डेकेअर सेंटरमधल्याच किंडरला जात असेल तर फीमधून ठरावीक रक्कम वजा होते; १५ तासांच्या कार्यक्रमासाठी २०२५ मध्ये ती वर्षाला २,१०१ डॉलरपर्यंत होती. सीसीएस मिळत असेल तर ती मिळतेच, शिवाय हीसुद्धा. ३० एप्रिलपर्यंत मुलाला तीन वर्षं पूर्ण होत असतील तर त्या वर्षी तीन वर्षांचं किंडर सुरू करता येतं. स्वतंत्र किंडरची नोंदणी बहुतेक कौन्सिल आदल्या वर्षीच करून घेतात, म्हणून मूल दोन वर्षांचं झालं की कौन्सिलच्या वेबसाइटवर तारखा बघून ठेवा. क्वीन्सलँडमध्येही २०२४ पासून शाळेच्या आदल्या वर्षाचं किंडी आठवड्याला १५ तास मोफत आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ‘स्टार्ट स्ट्राँग’ या नावाने फीमध्ये सवलत मिळते; ती तुमच्या सेंटरला किंवा प्रीस्कूललाच विचारा, कारण सवलत त्यांच्यामार्फत येते.

टेम्पररी व्हिसावरच्या घरांना मी नेहमी सांगतो की पीआरची वाट बघत बसू नका, किंडरचा फॉर्म आज भरा.

लसीकरणाचं कार्ड

पीआर मिळाली, अर्ज केला, आणि गाडी अडली, असं झालं तर त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लसीकरण. मुलाच्या लसी ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टरवर नोंदलेल्या असल्याशिवाय सीसीएस मिळत नाही. भारतात दिलेल्या लसी आपोआप तिथे जात नाहीत.

आपल्या मुलांचं कार्ड डोळ्यांसमोर आणा. कोपरे दुमडलेले, बालरोगतज्ज्ञाचा शिक्का, डाव्या बाजूला लसींची नावं, पुढे कधी पेनने तर कधी पेन्सिलने टाकलेल्या तारखा, आणि बाटलीवरचे चिकटवलेले छोटे स्टिकर. इथल्या जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, हे सगळं वाचून रजिस्टरमध्ये चढवायचं असतं. भारतात दोन-तीन आजारांवरच्या लसी एकाच सुईत दिलेल्या असतात आणि कार्डावर फक्त कंपनीचं नाव असतं. ते नाव इथल्या डॉक्टरला ओळखीचं नसतं. म्हणून निघण्यापूर्वी भारतातल्या डॉक्टरकडून त्यांच्या लेटरहेडवर सगळ्या लसींची यादी टाइप करून घ्या: आजाराचं नाव, कितवा डोस, तारीख. दहा मिनिटांचं काम आहे, पण इथले कितीतरी आठवडे वाचतात.

दोन्हीकडची वेळापत्रकंही सारखी नाहीत. आपल्याकडची बीसीजी इथे सरसकट देत नाहीत. उलट इथे वर्षाच्या मुलाला मेनिन्गोकोकलची लस वेळापत्रकात आहे, ती आपल्या मुलांची अनेकदा झालेली नसते. अशा वेळी जीपी ‘कॅच-अप’ वेळापत्रक आखून देतो. ते सुरू झालं आणि रजिस्टरवर तशी नोंद पडली की सीसीएसचा मार्ग मोकळा होतो, सगळे डोस संपेपर्यंत थांबावं लागत नाही. लसी अपुऱ्या असतील तर ६३ दिवसांची मुदतही मिळते.

अर्ज

सगळं मायगव्ह या सरकारी खात्यातून होतं. त्याला आधी मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) जोडा, मग सेंट्रलिंक (सरकारी मदतीचे पैसे देणारा विभाग). सेंट्रलिंककडून तुम्हाला आणि मुलाला एकेक क्रमांक मिळतो, त्याला सीआरएन म्हणतात. मग सेंट्रलिंकमध्ये जाऊन चाइल्ड केअर सबसिडीचा क्लेम भरायचा. त्यात दोघांचे टॅक्स फाइल नंबर, चालू आर्थिक वर्षाचं अंदाजे उत्पन्न, दोघांच्या कामाचे किंवा शिक्षणाचे पंधरवड्याचे तास, ओळखीची कागदपत्रं आणि बँक खातं हे सगळं लागतं. आर्थिक वर्ष इथे १ जुलै ते ३० जून असतं, मार्च डोक्यातून काढून टाका.

मूल सेंटरला जायला लागण्याच्या आधीही अर्ज करता येतो, आणि तसाच करावा. उशीर झाला तर अर्जाच्या तारखेच्या मागे जास्तीत जास्त २८ दिवसांचे पैसे मिळतात. त्याआधीची पूर्ण फी तुमच्या खिशातून जाते.

इथे एक बारीकशी गोष्ट आहे, पण ती अनेकांना नडते. क्लेम आईच्या नावाने केलेला असतो आणि सेंटरच्या प्रवेश अर्जावर बाबांचा सीआरएन लिहिलेला असतो. सिस्टिमला हे दोन जुळत नाहीत आणि पूर्ण फीचं बिल येत राहतं. ज्याने क्लेम केला त्याचाच सीआरएन, त्याचीच जन्मतारीख आणि मुलाचा सीआरएन सेंटरला द्या. नावाचं स्पेलिंगही तपासा. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं असतं, काहींचं आडनाव आणि नाव उलटसुलट छापलेलं असतं. सेंट्रलिंकमध्ये जसं आहे तसंच सेंटरला लिहून द्या.

यानंतर सेंटर त्यांच्याकडून मुलाची नोंद सरकारकडे पाठवतं, आणि तुमच्या मायगव्हमध्ये ‘एनरोलमेंट कन्फर्म करा’ असं एक काम येऊन पडतं. ते तुम्ही दाबून मान्य करेपर्यंत पुढे काहीच हलत नाही. क्लेम मंजूर झाल्याचं पत्र आलं म्हणजे झालं, असं समजून लोक इथेच थांबतात. सेंटर बदललं तरी नव्या सेंटरची नोंद पुन्हा मान्य करावी लागते.

किती टक्के मिळतात?

टक्केवारी कुटुंबाच्या एकत्रित उत्पन्नावर ठरते. २०२५-२६ या वर्षासाठी ८५,२७९ डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर ९० टक्के. त्यापुढे दर ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत जातो आणि ५,३५,२७९ डॉलरला सबसिडी शून्य होते. दोघं मिळून १,६०,००० कमावत असाल तर साधारण ७५ टक्के. या मर्यादा दरवर्षी जुलैमध्ये थोड्या वाढतात. पाच किंवा त्याहून कमी वर्षांची दोन मुलं डेकेअरमध्ये असतील तर धाकट्यासाठी ३० टक्क्यांपर्यंत जास्त मिळतात, एकूण ९५ टक्क्यांच्या मर्यादेत, कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या आत असेल तर.

उत्पन्न म्हणजे नुसता पगार नाही. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फ्लॅटचं भाडं, तिथल्या एफडीचं व्याज हेसुद्धा धरलं जातं. पर्मनंट रेसिडेंटला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. इथे गुंतवणुकीसाठी घर घेतलं आणि भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त असेल, तर टॅक्समध्ये तो तोटा वजा होतो, पण सीसीएस ठरवताना तो उत्पन्नात पुन्हा मिळवला जातो. पगारातून सुपरमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या फंडात, जास्तीचे पैसे टाकत असाल तर तेही. टॅक्स रिटर्नवरचं करपात्र उत्पन्न बघून सीसीएसचा अंदाज बांधलात तर तो कमी पडेल.

अंदाज देताना थोडा वरचाच आकडा द्या, असं माझं मत आहे. वर्षाच्या शेवटी सरकार तुमचं खरं उत्पन्न बघून हिशोब जुळवतं. अंदाज जास्त दिला असेल तर फरक परत मिळतो, कमी दिला असेल तर तेवढं देणं निघतं. नव्याने आलेल्या घरात एक जण वर्षाच्या मध्यावर नोकरीला लागतो आणि उत्पन्न एकदम वाढतं. ती नोकरी लागली त्याच आठवड्यात सेंट्रलिंकच्या अ‍ॅपमध्ये आकडा बदला. शिवाय सरकार आपणहून प्रत्येक सबसिडीतले ५ टक्के राखून ठेवतं आणि वर्षाचा हिशोब झाल्यावर देतं, म्हणून सुरुवातीला गॅप फी तुमच्या गणितापेक्षा थोडी जास्त दिसते.

तास आणि सेशन: खरा पैसा इथे आहे

५ जानेवारी २०२६ पासून एक मोठा बदल झाला आहे. सबसिडीला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पंधरवड्याला किमान ७२ तास मिळतात, आई-वडिलांपैकी कोणी काम करत नसलं तरीही. त्याआधी दोघांच्या कामाचे वा अभ्यासाचे तास मोजत, आणि ज्याचे कमी त्याच्यावर सगळं ठरत असे. नोकरी शोधत असलेल्या नवख्या आईचे तास कमी भरले की सबसिडीही आक्रसायची, कधी शून्यावर यायची. आता तीन दिवस नक्की. मुलाला तीन दिवस सेंटरला ठेवून कोर्स करता येतो, इंटरव्ह्यू देता येतात. ही सोय आपल्या मराठी आयांनी मोकळ्या मनाने वापरावी.

दोघंही पंधरवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम, शिक्षण, प्रशिक्षण, स्वयंसेवा किंवा नोकरीचा शोध यात असाल तर १०० तास मिळतात.

आता हे तास खर्च कसे होतात ते बघा. मूल प्रत्यक्ष किती वेळ थांबलं यावर ते मोजले जात नाहीत, सेंटर ज्या सेशनचे पैसे लावतं त्यावर मोजले जातात. सेंटरने १२ तासांचं सेशन लावलं आणि मूल नऊ ते चार थांबलं, तरी १२ तास खर्ची पडले. दुसरी गोष्ट, सरकारने ताशी फीला कमाल मर्यादा घातली आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी डेकेअर सेंटरमध्ये २०२५-२६ ला ती ताशी १४.६३ डॉलर आहे. सेंटर त्यापेक्षा जास्त घेत असेल तर वरच्या रकमेवर सबसिडी नाही.

समजा तुमची टक्केवारी ७५ आहे आणि सेंटरची फी दिवसाला १५० डॉलर. तेच सेंटर १० तासांचं आणि १२ तासांचं, दोन्ही सेशन याच फीत देतं. १० तासांचं घेतलं तर ताशी फी १५ डॉलर होते, मर्यादेच्या वर. म्हणून ७५ टक्के मोजले जातात १४.६३ वर, दिवसाचे साधारण १०९.७० डॉलर सरकारकडून आणि ४०.३० तुमच्याकडून. १२ तासांचं घेतलं तर ताशी १२.५० पडतात, मर्यादेच्या आत, आणि पूर्ण १५० वर ७५ टक्के मिळतात: ११२.५० सरकारचे, ३७.५० तुमचे. तीन दिवस जाणाऱ्या मुलासाठी १२ तासांचं सेशन स्वस्त पडतं. पंधरवड्याला सहा दिवस गुणिले १२ म्हणजे बरोबर ७२ तास, एकही वाया जात नाही.

पाच दिवस पाठवायचं असेल तर गणित उलटं होतं. १२ तासांचं सेशन दहा दिवस म्हणजे १२० तास, आणि मिळतात १०० च. उरलेल्या २० तासांची पूर्ण फी तुमच्यावर येते. पंधरवड्याच्या १,५०० डॉलरपैकी सबसिडी होते ९३७.५० आणि तुम्ही भरता ५६२.५०. तेच १० तासांचं सेशन घेतलं तर १०० तास पुरतात, सबसिडी १,०९७ च्या आसपास आणि तुमचे सुमारे ४०३ डॉलर. मूल तेच, सेंटर तेच, ताईही त्याच, आणि पंधरवड्याला १६० डॉलरचा फरक. (या हिशोबात ५ टक्के राखीव रक्कम धरलेली नाही.)

म्हणून सेंटर बघायला जाल तेव्हा ‘दिवसाची फी किती’ एवढं विचारून परत येऊ नका. कोणकोणती सेशन आहेत, नऊ, दहा, अकरा की बारा तासांची, आणि प्रत्येकाची फी किती, हे लेखी मागा. अनेक सेंटर पालकाने विचारल्याशिवाय छोट्या सेशनचं सांगत नाहीत. छोट्या सेशनला ठरलेल्या वेळेच्या आधी सोडलं किंवा उशिरा नेलं तर काय होतं, तेही विचारा, कारण त्या दिवशी पूर्ण सेशन लागू शकतं. फी, जागा आणि दर्जा यांची तुलना ‘स्टार्टिंग ब्लॉक्स’ या सरकारी वेबसाइटवर करता येते. सीसीएसचा कॅल्क्युलेटरही तिथेच आहे. सेंटरचं रेटिंग बघताना ‘मीटिंग’ असेल तर ते राष्ट्रीय निकष पूर्ण करतं, ‘एक्सीडिंग’ असेल तर त्याच्याही वर आहे, ‘वर्किंग टोवर्ड्स’ असेल तर कुठे कमी पडतं ते संचालिकेला सरळ विचारा. सुरक्षेत कसूर करणाऱ्या सेंटरची सबसिडी बंद करण्याचे अधिकार २०२५ च्या कायद्याने केंद्र सरकारला मिळाले आहेत. मुलाच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारताना संकोच करायचं काही कारण नाही.

गैरहजेरी आणि भारतवारी

मूल आजारी पडलं, सणाला घरी ठेवलं, तरी सेंटर फी लावतं. अशा दिवसांवरही सबसिडी मिळते, पण एका आर्थिक वर्षात प्रत्येक मुलामागे सर्वसाधारणपणे ४२ दिवसच. सेंटर फी लावत असेल तर सार्वजनिक सुट्ट्याही त्यातच मोजल्या जातात. पहिल्या हिवाळ्यात सर्दी-तापात आठ-दहा दिवस सहज जातात. मग डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे भारतात गेलात की पाच दिवस जाणाऱ्या मुलाचे २५ दिवस संपले. किती शिल्लक आहेत ते सेंट्रलिंकच्या अ‍ॅपमध्ये दिसतं, तिकीट काढण्याआधी बघा. देशाबाहेर सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहिलात तर सबसिडी थांबते. सलग २६ आठवडे मूल कुठेच गेलं नाही तर क्लेमच रद्द होतो आणि आल्यावर नव्याने अर्ज करावा लागतो.

काही जण भारतात जातानाच सेंटरची जागा सोडायची नोटीस देतात, आणि नोटिशीचे शेवटचे दोन आठवडे मूल पुण्यात आजोळी असतं. काही सवलती सोडल्या तर शेवटच्या प्रत्यक्ष हजेरीनंतरच्या दिवसांना सबसिडी मिळत नाही, आणि पूर्ण फीचं बिल येतं. नोटीस आधी द्या, नोटिशीच्या शेवटच्या दिवशी मूल सेंटरमध्ये असू द्या, मग विमान पकडा.

दारातल्या टॅबलेटवर रोज आणता-नेताना सही करणं टाळू नका. तुमच्या हजेरीचा पुरावा तोच आहे.

वर्ष संपल्यावर

दोघांनी टॅक्स रिटर्न भरायचं. एखाद्याचं उत्पन्न रिटर्न भरण्याइतकं नसेल तर तसं सेंट्रलिंकला कळवायचं. घरी असलेल्या आईच्या बाबतीत हेच राहून जातं आणि हिशोब अडकतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून पुढच्या ३० जूनपर्यंत हे झालं नाही तर चालू सबसिडी थांबते. त्यानंतरही दुर्लक्ष केलं तर त्या वर्षाची सगळी रक्कम परत मागितली जाऊ शकते.

नोकरी गेली, घरात अचानक मोठं संकट आलं, तर तात्पुरत्या आर्थिक अडचणीसाठी वाढीव सबसिडी आहे, एका प्रसंगासाठी १३ आठवड्यांपर्यंत. ती मागायला लाजू नका. सेंट्रलिंकची कुटुंबांसाठीची लाइन १३६ १५० आहे. इंग्रजीत बोलणं जड जात असेल, किंवा आजी-आजोबांना बोलायचं असेल, तर १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेवर फोन करून मराठी दुभाषा मागता येतो. सीआरएन आणि सेंटरचं शेवटचं बिल समोर ठेवूनच बोला, आणि फोन ठेवण्यापूर्वी रिसीट नंबर लिहून घ्या.

घरी मुलं सांभाळण्याचा व्यवसाय करायचा असेल तर

आपल्याकडच्या अनेक जणी इथे फॅमिली डेकेअर चालवतात, आणि चांगलं चालवतात. मराठी, हिंदी बोलणारी ताई, घरचा वरण-भात, छोटा गट, यामुळे पालकही शोधत येतात. या व्यवसायालाही सीसीएस लागू आहे, पण तुम्ही एकट्याने ती घेऊ शकत नाही. मान्यताप्राप्त फॅमिली डेकेअर सर्व्हिसकडे नोंदणी करावी लागते. सबसिडी आधी सर्व्हिसकडे येते, ती आपला आकार (सेवाशुल्क) कापून तुम्हाला देते.

त्याआधी बालशिक्षणातलं सर्टिफिकेट थ्री, प्रथमोपचार, दमा आणि तीव्र अ‍ॅलर्जीवरचं प्रशिक्षण, एबीएन (व्यवसायाचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि विमा लागतो. मुलांबरोबर काम करण्याची पोलिस तपासणी तुमचीच नाही, घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची होते. सासू-सासरे सहा महिने राहायला येणार असतील तर सर्व्हिसला आधी कळवा. घराची पाहणी होते: स्विमिंग पूलचं कुंपण, औषधांचं कपाट, गॅस, खिडक्यांच्या दोऱ्या. एका वेळी जास्तीत जास्त सात मुलं, त्यातली शाळेत न जाणारी चारच, आणि तुमचं स्वतःचं लहान मूल घरी असेल तर तेही या गणतीत.

स्वतःच्या मुलाला स्वतः सांभाळून त्याची सबसिडी घेता येत नाही. ‘तू माझं सांभाळ, मी तुझं सांभाळते, दोघी क्लेम करू’ ही व्यवस्थाही सरकारने बंद केली आहे, मोजके अपवाद सोडून. कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. मूल आलं नसताना तास दाखवणं, गॅप फी माफ करणं, ती रोख घेणं, यातलं काहीही चालत नाही. गॅप फी इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच घ्यायची, असा नियम जुलै २०२३ पासून आहे. पूर्वी या क्षेत्रात मोठे गैरव्यवहार झाले, त्यामुळे तपासण्या कडक आहेत. अशा प्रकरणात सापडलेल्या बाईचा व्यवसाय तर जातोच, व्हिसा आणि नागरिकत्वाच्या अर्जातही प्रश्न उभे राहतात.

पूर्ण सेंटर काढायचं असेल तर राज्याच्या नियामकाकडून संस्थेची आणि जागेची, अशा दोन मान्यता आणि त्यावर केंद्राची सीसीएस मान्यता लागते. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी जादा शिक्षिका ठेवायला ‘इन्क्लुजन सपोर्ट प्रोग्रॅम’ आहे. ग्रामीण आणि वंचित भागातल्या सेंटरसाठी ‘कम्युनिटी चाइल्ड केअर फंड’ आहे. डिसेंबर २०२४ पासून शिक्षिकांच्या पगारवाढीसाठी सरकार सेंटरना वेगळं अनुदान देतं, पण ते घेणाऱ्याला फीवाढीवर मर्यादा पाळावी लागते. हे मोठ्या भांडवलाचं काम आहे. आधी दोन-तीन वर्षं फॅमिली डेकेअर चालवून बघावं, असं मी सुचवेन.

सर्व्हिस निवडताना तीन-चार ठिकाणी बोला. त्यांचा आठवड्याचा आकार किती, फी तुम्ही ठरवायची की त्यांनी, सबसिडीचे पैसे कोणत्या वारी खात्यात येतात, को-ऑर्डिनेटर महिन्यातून किती वेळा घरी येतो, मूल गैरहजर असताना तुमचं उत्पन्न काय राहतं, हे सगळं करारात लिहून घ्या. आणि सही करण्यापूर्वी त्यांच्याकडे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या ताईला गाठून तिच्याशी मराठीत, हिंदीत मोकळेपणी बोलून घ्या.